उसन्या गाण्याची कमाई कोणाची?

२००२ च्या ग्रॅमी पारितोषिकांत हार्ड रॉकच्या गटात पाच नामांकनं होती, आणि त्यांतली दोन गाणी ती वाजवणाऱ्या बँडची नव्हतीच. रेज अगेन्स्ट द मशीनने आफ्रिका बंबाटाचं १९८३ चं हिपहॉप गाणं घेतलं होतं. दुसरा बँड एलियन ॲन्ट फार्म. वर्षभरापूर्वी कॅलिफोर्नियाबाहेर त्याचं नाव फारसं कोणी ऐकलं नव्हतं, आणि त्याने उचललं होतं थेट मायकल जॅक्सनचं ‘स्मूद क्रिमिनल’. पारितोषिक लिंकिन पार्कला गेलं, तेही त्यांच्या स्वतःच्या गाण्यासाठी. रेजचं नाव तोवर झालेलं होतं, उसन्या गाण्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. एलियन ॲन्ट फार्मचं मात्र नावच त्या एका गाण्याने झालं. खरं तर त्या गाण्याच्या व्हिडिओने.

बीटल्स आणि बॉब डिलनच्या काळापासून रॉकमध्ये एक अलिखित दंडक चालत आला आहे: आपलं गाणं आपण लिहायचं. दुसऱ्यांची गाणी वाजवणारे ते लग्नातले, हॉटेलातले, जहाजांवरचे वादक. पण १९८१ मध्ये एमटीव्ही सुरू झाला तेव्हापासूनचा हिशेब मांडला तर बऱ्याच बँडना पहिलं मोठं यश एखाद्या कव्हरच्या, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याच्या, व्हिडिओने दिलेलं दिसतं. आणि या गोष्टी एकमेकींसारख्या असतात. बँडला किंवा त्याच्या निर्मात्याला ते गाणं नको असतं. रेडिओ आणि टीव्ही नेमकं तेच उचलून धरतात. पैसा मूळ गीतकाराकडे वळतो आणि बँड पुढची वीस वर्षं त्याच गाण्याच्या फर्माइशी पुऱ्या करत राहतो. अशा यशात गाणं दुसऱ्याचं असतं, ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं. आपण कोण, कुठले, हे सांगायला बँडच्या हाती उरतात ती व्हिडिओची तीन-चार मिनिटं. ती ज्यांनी नीट वापरली, त्यांचं गाणं लक्षात राहिलं.

एलियन ॲन्ट फार्मने ती फार हुशारीने वापरली. हे चौघे लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या रिव्हरसाइडचे: गायक ड्रायडन मिचेल, गिटारवर टेरी कोर्सो, बेसवर टाय झमोरा, ड्रम्सवर माइक कॉसग्रोव्ह. १९९६ मध्ये एकत्र आलेल्या या मंडळींनी १९९९ मध्ये स्वखर्चाने काढलेल्या पहिल्याच अल्बमचं नाव ठेवलं ‘ग्रेटेस्ट हिट्स’. विनोदाची जात तिथेच कळते. मार्च २००१ मध्ये ड्रीमवर्क्स कंपनीतर्फे त्यांचा ‘ॲन्थॉलॉजी’ आला. पहिलं सिंगल ‘मूव्हीज’ त्यांचं स्वतःचं होतं, बरं होतं, आणि बरंच राहिलं. उन्हाळ्यात ‘स्मूद क्रिमिनल’ बाहेर पडलं आणि अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत पहिलं, ब्रिटनमध्ये तिसरं, ऑस्ट्रेलियात पहिलं आलं. अमेरिकेच्या मुख्य यादीत मात्र ते तेविसाव्या क्रमांकापर्यंतच चढलं, कारण तिथली पॉप रेडिओ केंद्रं इतकी कर्कश गिटार बिचकतच वाजवत.

संगीत म्हणून पाहिलं तर त्यांनी गाण्याची मोडतोड फारशी केली नाही. जॅक्सनच्या ध्वनिमुद्रणात जी धावती बेसची ओळ आहे तीच गिटारवर घेतली, की तिचा आपोआप रॉकचा रिफ होतो. हे गाणं मुळातच गिटारसाठी बांधल्यासारखं आहे, ते त्यांच्या आधी कोणाला सुचलं नाही इतकंच. मिचेल जॅक्सनचे उसासे आणि किंकाळ्या जवळपास तशाच घेतो, फक्त घसा खरवडून. नवं असं जे आहे ते पडद्यावर.

दिग्दर्शक मार्क क्लासफेल्डने बँडला उपनगरातल्या एका साध्या वस्तीत, बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उभं केलं. भोवती शेजारीपाजारी, पोरंटोरं, कुत्री. आणि या गबाळ्या गल्लीत जॅक्सनच्या वीस वर्षांच्या दंतकथेचे तुकडे विखरून ठेवले: पाय पडेल तिथे उजळणारी फरशी, मूनवॉक, एक चिंपांझी, तोंडाला शस्त्रक्रियेचा मास्क लावलेला एक पोरगा, आणि अंग ताठ ठेवून पुढे झुकण्याची ती प्रसिद्ध करामत. जॅक्सनकडे सगळं चकचकीत, कोट्यवधींच्या सेटवरचं. इथे तेच सगळं ढगळ चड्ड्या घातलेल्या लोकांच्या अंगणात. त्यामुळे पाहणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात: ही मुलं जॅक्सनवर वाढली आहेत, आणि ती जॅक्सनच्या जगातली नाहीत. मास्कचा विनोद मला आज जरा बोचरा वाटतो. माणसाच्या शरीराची आणि आजाराची थट्टा तेव्हा सर्रास चालत असे. बाकी व्हिडिओत मात्र कौतुक जास्त आहे, टवाळी कमी.

ज्याची नक्कल चालली होती तो स्वतःही या कामात पट्टीचा होता. ‘बॅड’ हा अल्बम १९८७ चा, ‘स्मूद क्रिमिनल’ त्यातलं सातवं सिंगल, १९८८ चं. ‘मूनवॉकर’ चित्रपटातला त्याचा पांढरा सूट, हॅट आणि क्लबचं वातावरण सरळ फ्रेड ॲस्टेअरच्या १९५३ च्या ‘द बँड वॅगन’वरून आलेलं आहे. ती झुकण्याची करामत चित्रपटात तारांच्या आधाराने झाली. पुढे रंगमंचावर करता यावी म्हणून टाचेत खाच असलेले बूट तयार झाले, आणि जमिनीतून वर येणाऱ्या खिळ्यात ती खाच अडकवण्याच्या या युक्तीचं अमेरिकी पेटंट १९९३ मध्ये जॅक्सन व त्याच्या दोन वेशभूषाकारांना मिळालं. नृत्यातल्या एका हालचालीमागच्या बुटाचंही पेटंट घेणारा हा माणूस. १९८५ मध्ये बीटल्सच्या बहुतेक गाण्यांचे हक्क असलेली एटीव्ही कंपनी त्याने ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतली होती. गाण्याची मालकी म्हणजे काय, हे त्याच्याइतकं फार थोड्या गायकांना कळलं असेल.

मालकीचा हा मुद्दा कव्हरच्या बाबतीत कळीचा आहे, आणि रॉकच्या गप्पांत तो बहुधा वगळला जातो. अमेरिकेत एखादं गाणं एकदा प्रकाशित झालं की ते पुन्हा ध्वनिमुद्रित करायला मूळ गीतकाराची परवानगी लागत नाही. हे चालत आलं पियानोच्या छिद्रांच्या गुंडाळ्यांपासून. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गुंडाळीला प्रत मानायला नकार दिला, आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला: कोणीही वाजवा, पण प्रत्येक प्रतीमागे गीतकाराला ठरावीक पैसे द्या. सुरुवातीचा दर २ सेंट, आणि तो जवळजवळ सत्तर वर्षं तसाच होता. २००१ मध्ये तो ७.५५ सेंट होता. ‘ॲन्थॉलॉजी’ला अमेरिकेत दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम मानांकन मिळालं. या दराने नुसत्या एका गाण्याचे जॅक्सनच्या बाजूला पंचाहत्तर हजार डॉलर होतात, आणि त्यासाठी त्याला बोटही हलवावं लागलं नाही.

रेडिओचा हिशेब तर आणखी एकतर्फी. अमेरिकेतल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीत आणि संगीत लिहिणाऱ्याला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला छदामही नाही. जगातल्या बहुतेक मोठ्या देशांत कलाकारालाही वाटा मिळतो, अमेरिकेत अजून नाही. म्हणजे २००१ च्या उन्हाळ्यात तिथल्या रॉक केंद्रांनी दिवसरात्र जे गाणं वाजवलं, त्यातून वाजवणाऱ्या चौघांच्या खिशात थेट काहीच आलं नाही. स्वतःच्या ‘मूव्हीज’चे आले असणार, पण ते इतकं वाजलंच नाही.

व्हिडिओचं मात्र उलटं आहे. १९०९ च्या कायद्यातून आलेली ती मुभा फक्त आवाजाला आहे. आवाजाला चित्र जोडायचं तर गाण्याच्या मालकाकडे जावंच लागतं, आणि तो सरळ नाही म्हणू शकतो. त्यामुळे ज्या व्हिडिओत खुद्द जॅक्सनच्या चिंपांझीपासून मास्कपर्यंत सगळ्यावर कोपरखळ्या आहेत, तो त्याच्या बाजूच्या संमतीशिवाय निघणं शक्यच नव्हतं. जॅक्सनला याची सवय होती म्हणा. ‘वीअर्ड अल’ यांकोविकला त्याने दोनदा विडंबनाची परवानगी दिली होती, आणि दुसऱ्या वेळी तर ‘मूनवॉकर’साठी उभारलेला भुयारी रेल्वेचा सेटही वापरू दिला होता.

कव्हरच्या व्हिडिओने नाव मिळवण्याच्या वाटेवरचा पहिला मोठा मानकरी एलियन ॲन्ट फार्मच्या अठरा वर्षं आधीचा: लॉस एंजेलिसचा क्वायट रायट. इंग्लंडच्या स्लेड या बँडचं ‘कम ऑन फील द नॉइझ’ १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आलं होतं. अमेरिकेत ते अठ्ठ्याण्णवाव्या स्थानापर्यंतच पोचलं. म्हणजे अमेरिकी पोरांच्या दृष्टीने गाणं जवळपास कोरंच होतं. निर्माता स्पेन्सर प्रॉफर ते करायला सांगत होता, बँडला ते अजिबात नको होतं. ड्रमर फ्रँकी बनालीने पुढे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं, की गाणं मुद्दाम इतकं वाईट वाजवायचं की निर्माता नाद सोडेल, असा त्यांचा बेत होता. तयारीच केली नव्हती. प्रत्यक्ष टेप सुरू झाल्यावर मात्र हात आपोआप चालले. १९८३ मध्ये हे गाणं अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर गेलं, एमटीव्हीने त्याचा व्हिडिओ सतत दाखवला, आणि नोव्हेंबरात त्यांच्या ‘मेटल हेल्थ’ने पोलिस या बँडच्या ‘सिंक्रॉनिसिटी’ला खाली ढकलून अल्बमच्या यादीत पहिलं स्थान पटकावलं. हेवी मेटलच्या अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

पुढच्या वर्षी क्वायट रायटने स्लेडचंच आणखी एक गाणं केलं. ते एक्कावन्नाव्या क्रमांकावर अडकलं. माझ्या मते दुसऱ्यांदा त्यांनी गाणं उसनं घेतलं नाही, यशाचा नमुना उसना घेतला. फायदा झाला तो स्लेडचा. या गोंधळात अमेरिकेला त्यांचं नाव कळलं, आणि १९८४ मध्ये त्यांचं स्वतःचं ‘रन रनअवे’ तिथे विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. मूळ बँड आपल्याच नकलेच्या पाठीवर बसून अमेरिकेत उतरला, असं उदाहरण विरळा.

नव्वदच्या दशकात कव्हरचा सूर बदलला. आता ते कौतुकापेक्षा कुरघोडीसाठी होऊ लागलं. मॅरिलिन मॅन्सनने युरिदमिक्सचं ‘स्वीट ड्रीम्स’ १९९५ मध्ये घेऊन त्याची गती उतरवली आणि दिग्दर्शक डीन कारने त्याला किळसवाण्या चित्रांची जोड दिली. लिंप बिझकिटने जॉर्ज मायकलचं ‘फेथ’ कार्यक्रमांत टवाळी म्हणून वाजवायला सुरुवात केली. ते ध्वनिमुद्रित करू नये असं निर्माता रॉस रॉबिन्सनचं ठाम मत होतं. ऑर्जीने १९९८ मध्ये न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ घेतलं. तिघांनाही त्या गाण्यांनी मोठ्या टीव्हीवर आणून ठेवलं. पैकी पुढे टिकले ते मॅन्सन आणि लिंप बिझकिट, कारण त्यांच्याकडे सांगायला स्वतःचं काही होतं, मग ते कोणाला आवडो न आवडो. ऑर्जीचं दुसरं गाणं आठवायला आज चाहत्यालाही डोकं खाजवावं लागेल.

एमटीव्ही आणि रेडिओ अशी कव्हरं का उचलत, याचं उत्तर तसं रोकडं आहे. नव्या बँडचं नवं गाणं म्हणजे ऐकणारा पहिल्या पंधरा सेकंदांत केंद्र बदलण्याची जोखीम. ओळखीची चाल ती जोखीम खाऊन टाकते. अटॅरिसने २००३ मध्ये डॉन हेन्लीचं ‘बॉइज ऑफ समर’ आपल्या अल्बममध्ये घातलं. पुढचं सिंगल म्हणून बँडच्या मनात दुसरंच गाणं होतं, पण रेडिओने हे वाजवायला घेतलं आणि प्रश्न तिथेच मिटला. ते विसाव्या क्रमांकावर गेलं, आणि अटॅरिसची ओळख कायमची ठरून गेली.

एलियन ॲन्ट फार्मच्या वाट्याला या ओळखीबरोबर दुर्दैवही आलं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर क्लिअर चॅनल या बलाढ्य रेडिओ कंपनीत दीडशेहून अधिक ‘वाजवताना विचार करावा’ अशा गाण्यांची यादी फिरली. घरात शिरलेल्या हल्लेखोराचं ‘स्मूद क्रिमिनल’ही त्यात होतं. मे २००२ मध्ये स्पेनमध्ये त्यांची बस ट्रकवर आदळली. चालक दगावला, मिचेलच्या मानेला गंभीर इजा झाली. पुढच्या वर्षी आलेला ‘ट्रूअँट’ हा त्यांचा अल्बम माझ्या कानांना ‘ॲन्थॉलॉजी’पेक्षा सरस वाटतो, पण त्याच वर्षी त्यांची कंपनीच दुसऱ्यांत विरघळायला लागली. बँड तरीही चालू राहिला. २०२० मध्ये त्यांनी पुन्हा एक कव्हर केलं, व्हॅमचं ‘एव्हरीथिंग शी वॉन्ट्स’. तेही जॉर्ज मायकलने लिहिलेलं. म्हणजे लिंप बिझकिटने ज्याची टर उडवली आणि एलियन ॲन्ट फार्मने ज्याला मान दिला, त्या एकाच माणसाच्या वारसांकडे दोन्हीकडून पैसे जातात.

यूट्यूब आल्यावर मधला रेडिओवाला गेला, पण ओळखीच्या चालीची किंमत उलट वाढली, कारण लोक शोधतात ते माहीत असलेल्या गाण्याचं नाव. जर्नी या जुन्या अमेरिकी बँडने २००७ मध्ये आपला नवा गायक आर्नेल पिनेडा शोधला तो फिलिपिन्समधल्या त्याच्या बँडच्या कव्हरचे व्हिडिओ पाहून. जानेवारी २०१२ मध्ये कॅनडाच्या वॉक ऑफ दि अर्थच्या पाच जणांनी एकाच गिटारवर मिळून गोट्येचं ‘समबडी दॅट आय यूज्ड टू नो’ वाजवलं. एकच कॅमेरा, एकच जागा, कापाकापी नाही. महिन्याभरात त्यांच्याशी कोलंबिया कंपनीचा करार झाला. खर्च जवळजवळ शून्य, आणि जी कल्पना ती पूर्णपणे त्यांची. या सगळ्या यादीत हा व्हिडिओ मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

सर्वांत अवघड उदाहरण बॅड वुल्व्ह्जचं. क्रॅनबेरीजचं ‘झॉम्बी’ ते करत होते, आणि मूळ गायिका डोलोरेस ओरिओर्डन त्यात आवाज देणार होती. १५ जानेवारी २०१८ रोजी, ज्या दिवशी ध्वनिमुद्रण ठरलं होतं त्याच दिवशी, लंडनमध्ये तिचा मृत्यू झाला. चार दिवसांत गाणं बाहेर आलं, पाठोपाठ व्हिडिओही, आणि एक नवा बँड जगभर पोचला. त्यांनी अडीच लाख डॉलर तिच्या मुलांना दिले. तरीही पहिलं यश एखाद्याच्या मरणाच्या बातमीबरोबर आलं की त्याचा आनंद कसा करायचा, हा प्रश्न पैशाने मिटत नाही.

आपल्याकडे हा खेळ रॉकमध्ये न होता कॅसेटच्या धंद्यात झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्याचं ‘व्हर्जन’ काढण्याची सोय होती, आणि ऐंशीच्या दशकात गुलशनकुमारांच्या टी-सीरिजने तिच्यावर साम्राज्य उभं केलं. मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षं थांबण्याची अट नंतर आली, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची केली. चित्राचं महत्त्व कळलं ते २००२ मध्ये, ‘काँटा लगा’च्या रीमिक्स व्हिडिओने. गाणं १९७२ च्या ‘समाधी’तलं, चाल राहुलदेव बर्मन यांची, मूळ आवाज लताबाईंचा. पण लोकांना आठवते ती राधिका राव आणि विनय सप्रू यांच्या व्हिडिओतली शेफाली जरीवाला. न गायलेल्या, न रचलेल्या गाण्याची ओळख तिला जन्मभर चिकटली. २०२५ मध्ये ती गेली तेव्हाच्या मथळ्यांतही तीच होती.

मुंबईच्या रॉकची गोष्ट नेमकी उलटी. १९८४ मध्ये महेश तिनईकर यांच्या रॉक मशीनने सुरुवात इतरांच्या गाण्यांनीच केली, कारण महाविद्यालयांच्या महोत्सवांत श्रोत्यांना तेच हवं असे. त्यांचं नाव झालं ते ती गाणी सोडून स्वतःची लिहायला लागल्यावर, आणि पुढे इंडस क्रीड म्हणून. इथे कव्हर ही शिकाऊ उमेदवारी होती. सगळेच तेच करत असताना कव्हरने वेगळं कोण दिसणार?

दिल्लीच्या ब्लडीवुडने तो क्रम पुन्हा फिरवला. वकिली सोडून आलेला करण कटियार आणि गायक जयंत भडुला यांनी २०१६ पासून लोकप्रिय गाण्यांची मेटलमध्ये टवाळी करणारे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली, २०१७ मध्ये अशा गाण्यांचा अख्खा अल्बमच काढला. २०१८ चं ‘अरी अरी’ही कव्हरच, पण त्यात टवाळी नव्हती. ढोल होता, राऊल केरचा स्वतः लिहिलेला इंग्रजी रॅप होता, आणि पडद्यावर दिसणारा बँड आता कोणाची नक्कल करत नव्हता. पुढच्या वर्षी ते जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवत होते, आणि २०२२ चा ‘रक्षक’ हा अल्बम त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा आहे. गंमत म्हणजे ज्या ‘अरी अरी’ने हे घडवलं ते गाणं २००३ मध्ये केलेलं बॉम्बे रॉकर्सने, म्हणजे नावात मुंबई असलेल्या डेन्मार्कच्या बँडने. आणि त्यांनी ते घेतलं होतं पंजाबी लग्नांतल्या लोकबोलींवरून, ज्यांच्या कर्त्याचं नाव कुठल्याच करारावर नाही.